लाल हापशी

“हसू नको,” बाबा म्हणाले. “इचारतीन तेवढंच सांग. हो तं हो, नाही तं नाही. अन् बोलताना तोंड जास्त उघडू नको.”

“तोंड न उघडता कसं बोलतेत, ते एकदा दाखवा मले,” मी म्हणाले.

आई माझ्या खांद्यावर पदराची पिन लावत होती. तिनं ती जरा जोरातच टोचली. गप बस, असा त्याचा अर्थ.

वैशाखातली सकाळ होती. दहा वाजले नव्हते तरी वरचे पत्रे तापायला लागले होते आणि पुढच्या खोलीत आम्ही तिघं घामानं भिजलो होतो. पाहुणे नेरहून जीपनं निघाल्याचा निरोप आला होता. मला बाविसावं सरत आलेलं. याआधी चार जण मला पाहून गेले होते, चौघांनीही पोहे संपवले होते आणि चौघंही ‘कळवतो’ म्हणून गेले होते. त्यांचं कळवणं अजून यायचं आहे.

कारण माझे दात. त्यांना पिवळे म्हणणं म्हणजे कौतुक झालं. जुन्या गुळाच्या ढेपेचा रंग असतो तसे ते होते, खरबरीत, कडेनं झिजून बारीक झालेले. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जायची. सोळाव्या वर्षीच दोन दाढा किडून काढाव्या लागल्या. राखेनं घासले, कोळशानं घासले, कडुनिंबाच्या काडीनं घासले, दिवसातून चारचार वेळा घासले, तरी गल्लीतल्या बाया म्हणायच्याच की दौलतभाऊची पोरगी दात घासत नाही. त्यात नाव कुंदा. कुंदकळ्यांसारखे दात असं मास्तर कवितेत शिकवायला लागले की सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडे पाहायचा. मग मी हसणं सोडलं, पुढंपुढं बोलणंही कमी केलं. आपल्याच तोंडात आपण कोंडलेलं असणं काय असतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दार आपल्याच हाती असतं आणि उघडायची सोय नसते.

त्या खोलीला खिडकी एकच होती आणि तिच्यातून समोर दिसायचा तो गल्लीचा हातपंप, आमची हापशी. लालभडक. तिच्याकडे पाहायचं नाही म्हटलं तरी नजर तिथंच जायची, कारण ती खरोखर का लाल झाली हे सगळ्या गावात फक्त दोघांना माहीत होतं. बाबांना आणि मला.

दोन वर्षांपूर्वी बाबा मला यवतमाळला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले होते. त्यांनी बराच वेळ माझं तोंड पाहिलं, सुई लावून पाहिली, आरसा फिरवून पाहिला.

“दातावर एक कवच असतं,” त्या बाबांना म्हणाल्या. “सगळ्या शरीरात त्याच्याइतकं टणक दुसरं काही नाही. पण दात हिरडीबाहेर येण्याआधीच ते बनून पुरं होतं, नंतर शरीराला ते पुन्हा बनवता येत नाही. हिचं कवच मुळातच कच्चं बनलंय. म्हणून झिजतं, म्हणून कीड लवकर लागते. हिच्या घासण्यात काही दोष नाही. उलट राखेनं घासून घासून होतं तेही घालवलंत तुम्ही.”

मला तिथंच रडू फुटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की चूक माझी नाही.

“हे बहुतेक वेळा रक्तातून येतं,” बाई पुढे म्हणाल्या. “आई नाहीतर वडील, एकाकडून आलं तरी पुरतं. घरात आणखी कुणाचे दात असे आहेत?”

“कोनाचेच नाही जी,” बाबा म्हणाले.

“तुमचे?”

“माहे तं बंडीवरून पडलो तवा गेले, लहानपनी. कवळी हाये.”

मी मान डोलावली. बैलबंडीवरून पडल्याची ती गोष्ट मी जन्मापासून ऐकत होते. नोकरीसाठी बाबा या गावात आले तेच कवळी लावून; तिच्याशिवाय त्यांना इथं कुणी पाहिलेलं नव्हतं, आईनंही नाही. ते न्हाणीचं दार लावून ती धुवायचे आणि लावूनच बाहेर यायचे.

“मग पाणी तपासून घ्या,” बाई म्हणाल्या. “तुमच्या भागात बऱ्याच ठिकाणी पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानंही दातांवर असे डाग पडतात. पण तसं असतं तर तुमच्या गल्लीतल्या सगळ्याच पोरांचे दात बिघडले असते. आणि हिच्या दातांवर टोप्या बसवता येतील, ते मनावर घ्या.”

बाबांनी त्यातलं पाणी तेवढं मनावर घेतलं. बाटली भरून तपासणीला पाठवली. महिन्यानं पोस्टमननं पाकीट माझ्याच हातात दिलं आणि मी ते फोडून वाचलं. सगळे आकडे मला कळले नाहीत, पण खाली शिक्का होता. पिण्यास योग्य. मी कागद बाबांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून लाल रंगाचा डबा घेऊन आले. बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांत पाणी खराब निघालेल्या हापशांना सरकारची माणसं लाल रंग लावून जात, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. शिपायाच्या हातात डबा म्हणजे सरकारचाच हुकूम. कुणी कागद मागितला नाही.

शेजारच्या गिरजाकाकू घागर घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काऊन रंगवून राह्यले, भाऊ?”

“पानी खराब निंगालं, काकू. दात खाते. माह्या पोरीचे पाहा नं.”

मी ओट्यावर उभी होते. साऱ्या बाया वळून माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या. पुरावा म्हणून उभं राहणं मी त्या दिवशी शिकले. तेव्हा बोलले असते तर दोन शब्दांत भागलं असतं. मी मूग गिळून राहिले.

घरात आल्यावर बाबा हळूच म्हणाले, “पान्याचा दोष बाहेरचा असते. सासरी गेली, पानी बदललं, संपलं. रक्ताचा म्हनलं तं दारात कोनी उभं राह्यत नाही. समजलं काय?”

समजलं होतं. त्या दिवसापासून आमची सगळी गल्ली अर्ध्या कोसावरच्या पाटलांच्या विहिरीवर पाण्याला जायला लागली. आम्हीही जायचो, नाहीतर सोंग उघडं पडलं असतं. मागच्या उन्हाळ्यात त्या वाटेवर गिरजाकाकू घागरीसकट पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं. मी त्यांच्यामागं दहा पावलांवर होते. त्यांना उठवलं, घागर पुन्हा भरून आणून दिली, आणि घरी येऊन जेवले. जेवण गेलं मला, हे मी लपवणार नाही. माणूस असंच राहतं खोट्याच्या आत, सवय करून.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यापाशी तिचं वेगळं कारण होतं. माझ्या वेळी पोटुशी असताना तिला माती खायचे डोहाळे लागले होते. ती चुलीची भाजकी माती फोडून खायची. माझे दात असे आले तेव्हा आजीनं साऱ्या भावकीत सांगून टाकलं की हिनं माती खाल्ली, पोरीचं वाटोळं केलं. आई तेव्हापासून सोमवार धरायची, माझ्यासाठी, आणि माझ्या तोंडाकडे कधी सरळ पाहायची नाही. बाबांनी हापशी लाल केली तेव्हा तिला थोडं बरं वाटलं असावं. थोडा दोष पाण्याचा, थोडा आपला.

तर अशा घरापुढं ती जीप येऊन थांबली.

उतरले ते तिघं. मुलगा प्रभाकर भोयर, नेरच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. एक काका, जे आले, बसले आणि पंख्याखालून हलले नाहीत. आणि प्रभाकरची आत्या. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे शब्द तिचा. उंच, काटक, कपाळाला आडवं कुंकू आणि नजर अशी की डाळीतले खडे निवडावेत तसं माणसाकडे पाहावं.

मी पोहे दिले आणि चटईवर बसले.

“काय वाचता?” प्रभाकरनं विचारलं.

आजपर्यंत स्वयंपाक काय येतो हेच विचारलं गेलं होतं. मी गडबडले. “मिळंल ते,” म्हणाले. “वाचनालयातलं.”

“मी शाळेत वाचनालय काढलंय. दोनशे पुस्तकं झाली. लावायला माणूस नाही.”

असं म्हणून तो माझ्याकडे पाहून हसला आणि मी ओठ दाबून धरले. मला तो आवडला. इतक्या वर्षांनी लाजायचं काय. तो आवडला, त्याची दोनशे पुस्तकं आवडली, आणि सगळ्यात जास्त आवडलं ते हे की नेर आमच्या हापशीपासून चाळीस मैल लांब होतं. मला सुटायचं होतं. हे एक जमलं असतं तर मी सुटले असते.

“पोरी,” आत्या म्हणाली, “हास बरं जराशी.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा आधीच उठून उभे राहिले होते.

“ते पान्याचे डाग हायेत, बाई. लपवायचं काय त्याच्यात! ते पाहा नं समोर, हापशी लाल करून ठेवली सरकारनं.”

आत्या उठली आणि खिडकीपाशी गेली. बराच वेळ तिनं बाहेर पाहिलं.

“आमच्याकडेबी दोन हायेत अशा,” ती म्हणाली. “पान्याचं असंन तं काही नाही. ते बाहेरचं. रक्ताचं असतं तं गोष्ट येगळी होती. आमच्या घरात लेकरं जन्माले येतीन, त्याहिच्या तोंडात नको असं काही.”

“छे छे, रक्तात काहीच नाही,” बाबा म्हणाले.

“मंग दाखव व पोरी. मी काही खात नाही तुले.”

मी ओठ उघडले. आत्यानं वाकून पाहिलं, चुकचुकली आणि परत बसली. प्रभाकरनंही पाहिलं. त्याचा चेहरा बदलला नाही. त्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे.

“कुंकू आना,” आत्या आईला म्हणाली. “पोरगी चांगली हाये. डागाले काय पाहाचं.”

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आई कुंकवाची वाटी आणायला आत वळली. एवढ्यात दारात गलका झाला. जीप आली म्हटल्यावर गल्लीतली पोरं जमणारच. आठ जण दाराच्या चौकटीत एकावर एक चढून आत पाहत होते, पुढं गिरजाकाकूंची नात रेणू.

“या रे या,” आत्या म्हणाली. सोबत आणलेल्या बत्ताशांची पुडी तिनं सोडली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. बत्तासा मिळाल्यावर पोरं हसणार नाहीत तर काय करतील? आठही जण हसले. आठही तोंडं पांढरीशुभ्र.

आत्याचा हात पुडीवरच थांबला.

“हे पोट्टे कोन्त्या गल्लीतले?”

“याच,” रेणू म्हणाली. “आमचं घर ते काय, हापशीले लागून.”

“अन् पानी कोन्तं पेता व?”

“पाटलाच्या हिरीचं.”

“दोन वर्सांपासून तिकडलंच आनतो आमी सारे,” बाबा घाईनं म्हणाले. “म्हनून पोरांचे दात वाचले.”

प्रभाकरनं रेणूला जवळ बोलावलं. “किती वर्षांची तू?”

“बारा.”

“म्हणजे दहा वर्षांची होईपर्यंत तू या हापशीचंच पाणी प्यायलीस?” मग तो आत्याकडे वळला. तो काही वकिली करत नव्हता, वर्गात शिकवतात तसं सांगत होता. “आत्या, पक्के दात आतल्या आत लहानपणीच तयार होतात. दोन वर्षांपूर्वी पाणी बदलून उपयोग नाही. पाणी खराब असतं तर हिचेही दात तसेच आले असते.”

पंख्याखालचे काकाही आता सरळ बसले. सगळे बाबांकडे पाहत होते. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगते, संपलं म्हणून क्षणभर हलकंच वाटलं.

पण बाबा हार मानणाऱ्यांतले नव्हते. आई कुंकवाची वाटी घेऊन आतल्या दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

“खरं सांगू काय, बाई, तुमच्यापासून काय लपवाचं. हे इच्या मायचं कर्म हाये. पोटुशी होती तवा इनं माती खाल्ली. चुलीची माती, शेर शेर. पोरगी आतूनच कच्ची राह्यली, मंग हिलेच पानी लागलं. बाकीच्या पोरांच्या माया शहान्या, त्याहिनं नाही खाल्ली.”

आत्या आईकडे वळली. “खाल्ली होती काय?”

आईनं मान खाली घातली. “हो जी,” ती म्हणाली. “माहीच चूक हाये. पोरीचा काही दोष नाही. तिले पदरात घ्या तुमी.”

हातातली वाटी कलंडून कुंकू तिच्या बोटांवर सांडत होतं.

आत्यानं सुस्कारा सोडला. “जाऊ द्या. बाईच्या जातीले डोहाळे लागतेतच. रक्ताचं नाही नं, मंग झालं. आना ते कुंकू.”

तर असं जमलं होतं माझं. एक पाऊल पुढं जायचं, कपाळ पुढं करायचं, आणि मी चाळीस मैल लांब. आई वाटी घेऊन माझ्याजवळ आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं. तिला वाटत होतं, आपली चूक आज फिटली.

मला ते पाहवलं नाही. डॉक्टरीणबाईंचं ‘बहुतेक वेळा रक्तातून’ त्या क्षणी माझ्या मनात पुरं झालं. पाणी नाही, तर रक्त. आणि आईकडे पाहत असतानाच मला कळलं, कुणाचं ते.

मी उठले आणि बाहेर गेले. बाबा “कुंदे!” म्हणून ओरडले. उन्हात डोळे दिपले. दोन वर्षं हात न लागलेला हापशीचा दांडा वर उचलला तेव्हा तो असा किंचाळला की समोरच्या घरातून गिरजाकाकू बाहेर आल्या. चाळीसएक दांडे मारेपर्यंत नुसती हवा आली, मग गढूळ, गंजकट पाणी, मग हळूहळू नितळ. मी ओंजळ धरली आणि प्यायले. दातांतून मस्तकात कळ गेली. तरी प्यायले.

सगळे ओट्यावर आले होते.

“पानी चांगलं हाये,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “दोन वर्सांपूर्वी तपासलं. कागद आला, मी सोता वाचला. बाबानं रंग लावला अन् मी गप राह्यली. मातीनंबी काही झालं नाही. हे रक्तातलं हाये. डॉक्टरीणबाईनं सांगतलं.”

“कोनाच्या रक्तातलं?” आत्यानं विचारलं. आवाज थंड होता.

आई पुढं झाली. “माह्याच...”

“आई,” मी म्हणाले, “तोंड उघड.”

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली.

“उघड तोंड. दाखव त्याहिले.”

आईनं तोंड उघडलं. पंचेचाळिशीच्या बाईच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, घट्ट, पांढरे. हिवाळ्यात ती दातानं ऊस सोलायची, मी रोज पाहायचे, आणि कधी डोक्यात आलं नव्हतं. आत्यानं जवळ येऊन पाहिलं. मग हळूच मान वळवली.

“अन् तुमचे, भाऊ?”

“मी... बंडीवरून पडलो होतो. लहान असताना.”

“बंडीवरून पडते मानूस, तं समोरचे दोनचार जातेत,” आत्या म्हणाली. “मागच्या दाढाबी बंडीवरून पडल्या काय तुमच्या?”

बाबा ओट्याच्या कडेवर बसले. मग त्यांनी तोंडात बोटं घातली आणि कवळी काढली, आधी वरची, मग खालची, आणि दोन्ही मांडीवर ठेवल्या. साऱ्या गल्लीसमोर. त्यांचं तोंड एकदम आत गेलं आणि पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसायला लागला.

“एकोनीस वर्साचा होतो,” ते म्हणाले. शब्द ओले, चपटे येत होते. “पोरीवानीच होते. किडून किडून अर्धे गेले होते. माह्या बापानं वर्ध्याले नेऊन सारेच काढून घेतले. मंग पोरी पाह्याले सुरवात केली.”

आत्यानं पदर डोक्यावर घेतला. “माफ करा,” ती आईला म्हणाली, बाबांना नाही. “माह्यापाशी एकच पोरगा हाये.”

काका आधीच जीपमध्ये जाऊन बसले होते. प्रभाकर मागं रेंगाळला. हापशीच्या तोंडातून अजून धार गळत होती. तो तिथं आला, ओंजळीनं पाणी प्यायला आणि तोंडावरून ओला हात फिरवला.

“पाणी गोड आहे,” तो म्हणाला.

मला वाटलं, हा आता आत्याला काहीतरी म्हणेल. तो जीपमध्ये चढला. मी त्याला दोष देत नाही. पुढं सहा वर्षांनी मी लग्न केलं ते नवऱ्याला आधी दात दाखवून, आणि होणाऱ्या पोरांत निम्मी शक्यता आहे हे तोंडानं सांगून. दोन मुली झाल्या. थोरलीच्या तोंडात तेच उतरलं आहे, धाकटीच्या नाही. थोरलीला चौदाव्या वर्षी टोप्या बसवल्या. ती खदाखदा हसते. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी जीपची धूळ खाली बसली तेव्हा गल्लीत मी होते, हापशी होती आणि दारोदार उभ्या असलेल्या बाया.

गिरजाकाकू चालत माझ्यासमोर आल्या. त्या मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“दोन वर्सं, व?” त्या एवढंच म्हणाल्या. मग वाकड्या मनगटानं काखेतली घागर काढली आणि धारेखाली ठेवली. “हाप.”

मी हापसलं. त्यांची घागर भरली. तोवर मागं रांग लागली होती. घागरी, बादल्या, हंडे, कुणी पातेलंसुद्धा आणलं होतं. कुणी माझ्याशी बोललं नाही, कुणी दांड्याला हात लावला नाही. मी भर उन्हात साऱ्या गल्लीचं पाणी भरून दिलं. तळहातांचे फोड फुटले आणि दांडा हातातून सटकायला लागला, तेव्हा रेणू आली, मला बाजूला सारून ती दांड्याला लोंबकळली. मी घरात गेले.

आत बाबा भिंतीला टेकून खाली बसले होते. पोह्यांच्या बशा तशाच होत्या. आई त्यांच्यासमोर बसली होती, पदर डोक्यावरून खाली घसरलेला. मी दारातच थांबले.

“मी आली या घरात, तवाच गेले होते दात?” आई विचारत होती.

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

“पोरीचे दात आले तवा तुमाले मालूम होतं, हे कुठून आलं?”

“हो.”

“तुमची माय मले माती खाल्ली म्हनून साऱ्या भावकीसमोर बोलत होती, तवा तुमी तिथंच बसले होते. जेवून राह्यले होते.”

बाबा हातातली कवळी उगाच फिरवत होते.

“बावीस वर्सं,” आई म्हणाली. “मी पोरीच्या तोंडाकडे पाह्यत नव्हती. मले वाटे, मीच खाल्लं ते.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “लग्नाच्या आधी एका शब्दानं काऊन नाही सांगतलं मले?”

“सांगतलं असतं,” बाबा कसेबसे म्हणाले, “तं तू केलं असतं काय माह्याशी लग्न?”

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या बसलेल्या, उघड्या तोंडाकडे. ते तिनं आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“मले काय मालूम,” ती म्हणाली. “मले इचारलं कुठी तुमी.”